१०.८ कॉम्प्रेशनच्या जिप्सीवर ब्लोअर: कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५, रत्नागिरी

हेड उतरवलं. आधीच्या मालकाने ही जिप्सी ऑटोक्रॉस शर्यतींना पळवलेली. हेड फेसिंग करून (खालची बाजू घासून) घेतलेलं आणि आत फुगीर माथ्याचे पिस्टन. "अकराचं कॉम्प्रेशन आहे" (म्हणजे सिलिंडरमधली हवा अकरा पट दाबली जाते) एवढंच तो सांगायचा. असल्या ऐकीव आकड्यावर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा ब्लोअर, बसवता येत नाही, म्हणून आज मोजमाप.

इंजिन जी१३बीबी, १६ व्हॉल्व्ह. बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी, म्हणजे एका सिलिंडरचे ३२४.७ सीसी. हेड उलटं ठेवून लेव्हल केलं, प्लग लावला, कडेने ग्रीसचा बारीक हात फिरवून वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची काच दाबली. भाची रसायनशास्त्राला आहे, तिच्याकडून ब्युरेट आणला. आत एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) पातळ करून भरलं. लाल असल्यामुळे रेघ नीट दिसते. तेल काचेखाली पसरत जातं आणि शेवटी भोकाखाली एक बुडबुडा उरतो. तो बुडबुडा कडेला पळाला की हेड तिरकं आहे असं समजावं आणि पुन्हा सुरुवात करावी. चारही चेंबर २४.६ ते २५ सीसीच्या मध्ये. २४.८ धरले.

गॅस्केट दाबल्यावर १.२ मिमी, भोक ७५ मिमी: ५.३ सीसी. पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकच्या पातळीखाली ०.२ मिमी: जेमतेम ०.९. पिस्टनच्या माथ्यावरच्या व्हॉल्व्हच्या खाचा, फुगवटा वजा जाता: २.२. सगळी बेरीज ३३.२ सीसी. कॉम्प्रेशन १०.८. म्हणजे "अकरा" तसं खोटं नव्हतं.

१९ जानेवारी

ब्लोअर आला. ईटनचा एम४५, मिनी कूपर एसच्या आर५३ मॉडेलवरचा, मुंबईहून जुना घेतला. एम४५ म्हणजे एका फेऱ्यात ४५ घनइंच हवा, आपल्या भाषेत ७३७ सीसी. रूट्स जातीचा, तीन पाकळ्यांचे पीळ दिलेले दोन रोटर. रोटर एकमेकांना शिवत नाहीत, एकमेकांत अडकलेले गिअर त्यांना अंतर राखून फिरवतात.

मिनीच्या या ब्लोअरच्या मागच्या टोकावर गाडीचा पाण्याचा पंप चालतो. त्यासाठी मागे गिअरची वेगळी डबी असते आणि तिच्यात स्वतःचं थोडंसं तेल. पुढच्या टोकाचं तेल वेगळं. मागचं तेल आटलं की पंपाची खाच झिजते; हा त्या ब्लोअरचा जगजाहीर आजार. विकणाऱ्याने "सर्व्हिस केलेला आहे" असं सांगून पाठवलेल्या या नगात मागच्या डबीतून चमचाभर काळा चिखल निघाला. नशीब, गिअर शाबूत आहेत. मला पंप चालवायचाच नाही, तेव्हा मागचं तोंड प्लेट मारून बंद करणार, पण गिअर फिरत राहणार आणि तेल लागणारच.

मिनीचीच एक गोष्ट या सगळ्या कामाला लागू आहे. तेच १.६ लिटरचं इंजिन साध्या कूपरमध्ये १०.६ कॉम्प्रेशनचं, आणि ब्लोअर लावलेल्या एसमध्ये ८.३ चं. कंपनीने उगाच सव्वादोन अंक खाली उतरवले नसतील.

संध्याकाळी मिरकरवाडा बंदरावरचे चाचा बघायला आले. ट्रॉलरची इंजिनं खोलण्यात त्यांची हयात गेली. ब्लोअर हातात घेऊन पुली फिरवली, कान लावला. "हे तर डेट्रॉइटचं पिल्लू," म्हणाले. बरोबरच आहे. डेट्रॉइटच्या जनरल मोटर्सचं (जीएमसी) ६-७१ हे टू-स्ट्रोक डिझेल इंजिन. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच. टू-स्ट्रोक डिझेलला जळका वायू ढकलून बाहेर काढायला ब्लोअर लागतोच. तेच ब्लोअर भंगारातून उचलून अमेरिकेतल्या पोरांनी आपल्या व्ही-८ वर चढवले आणि हॉट रॉडच्या बॉनेटमधून वर आलेला तो डबा जगभर ओळखीचा झाला. मूळ यंत्र त्याच्याही आधीचं: इंडियानातल्या रूट्स बंधूंचं १८६० चं पेटंट, आणि त्याचा मोटारीशी काडीचा संबंध नव्हता.

२ फेब्रुवारी

कागदाची बाजू आधीच लिहून ठेवतो, म्हणजे कोणी विचारायला नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल बघता, कंपनीच्या मूळ रचनेबाहेरचा असला बदल करून गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. गाडी ट्रेलरवरून जाणार-येणार. चाचण्या मामेभावाच्या चिरेखाणीच्या खाजगी रस्त्यावर: सड्यावरचा (उघड्या कातळपठारावरचा) सरळ, लांब पट्टा, तोही जांभ्या दगडाचे ट्रक फिरून फिरून घट्ट झालेला. मूळ मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या) आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) खोक्यात बांधून ठेवलेत, परत बसवायचे झाले तर काहीही कापावं लागणार नाही.

९ फेब्रुवारी

ब्रॅकेट. हे काम दिसायला सर्वांत सोपं आणि वेळ खाण्यात सर्वांत पुढे. १० मिमी एमएस (साध्या पोलादाची) प्लेट, ब्लॉकच्या अल्टरनेटरच्या जागेवरून आणि हेडच्या दोन बोल्टवरून आधार. सहा घड्यांचा बेल्ट. क्रँकची पुली १३२ मिमी. ब्लोअरसाठी दोन पुल्या मिरजोळे एमआयडीसीतल्या लेथवर ॲल्युमिनियममध्ये काढून घेतल्या: एक १३२ ची (म्हणजे एकास एक) आणि एक १२० ची (एकास १.१).

एवढ्या छोट्या इंजिनाला एम४५ मोठाच आहे. १.३ लिटरचं इंजिन एका फेऱ्यात ६४९ सीसी ओढू शकतं, प्रत्यक्षात त्याच्या ८५-९० टक्के. म्हणून हा ब्लोअर इथे रमतगमत फिरेल. मिनीमध्ये हाच क्रँकच्या जवळपास दुप्पट वेगाने फिरतो. हळू फिरल्याचा फायदा म्हणजे बेअरिंगला आराम. तोटा, रोटरच्या फटीतून हवा मागे गळते आणि कमी आरपीएमला गळती जास्त.

पुल्यांची रेघ सुतळी ताणून बघितली तर दीड मिलिमीटरचा फरक. "चालेल रे" असं तीन जणांनी सांगितलं. नाही चालत. रुंद बेल्ट तिरका धावला की आधी किंचाळतो, मग कडेची घडी सोलतो. ब्रॅकेटखाली शिम (पातळ पत्रा) घालून फरक काढला.

२३ फेब्रुवारी

मॅनिफोल्ड झालं. ३ मिमी ॲल्युमिनियम, आर्गन वेल्डिंग. वेल्डर एरवी बोटींच्या टाक्या आणि रेलिंग करतो. त्याचा ॲल्युमिनियमवरचा हात बघत राहावा असा. थ्रॉटल ब्लोअरच्या आधी, मिनीत असतं तसंच, आणि इंजेक्टर नंतर. ब्लोअरला समांतर बायपास व्हॉल्व्ह: थ्रॉटल कमी असताना तो उघडा राहतो, हवा नुसती गोल फिरते, इंजिनावर भार येत नाही आणि हवाही तापत नाही.

दोन बारीक गोष्टी, ज्या विसरल्या जातात. ब्रेकचा बूस्टर मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो. तिथे ब्लोअरचा दाब शिरला तर ब्रेकचं पेडल लाकडासारखं होईल, म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह चांगल्या प्रतीचा. आणि क्रँककेसची श्वासनळी: तिथेही एकदिशा व्हॉल्व्ह हवा, नाहीतर ब्लोअरचा दाब इंजिनाच्या पोटात जाऊन सील फेकतो.

१ मार्च

पेट्रोलचा हिशेब.

अमेरिकेतले जुने जाणते एक सोपं सूत्र वापरतात. बूस्टचा (ब्लोअरने दिलेल्या जास्तीच्या दाबाचा) पीएसआय आकडा १४.७ ने, म्हणजे वातावरणाच्या दाबाने, भागा, एक मिळवा, त्याने कॉम्प्रेशन गुणा. पंपावरच्या पेट्रोलवर उत्तर १२ च्या आसपास ठेवा. माझ्या १०.८ ला ५ पीएसआय दिले तर १४.५ येतात, कटाप. अडीच पीएसआय दिले तर १२.६.

हे सूत्र ढोबळ आहे. हवेचं तापमान, चेंबरचा आकार, इनटेक व्हॉल्व्ह किती उशिरा मिटतो, यातलं काहीच त्याला कळत नाही. दोन पर्याय शेजारी ठेवून बघायला मात्र उपयोगी.

इथे आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा एक घोळ होतो. अमेरिकन मंडळी "९१ ऑक्टेनवर चालवतो" म्हणतात तेव्हा तो आकडा रॉन आणि मॉन (ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती) यांच्या सरासरीचा असतो. आपल्या पंपावरचं ९१ हे नुसतं रॉन. त्यांचं ९१ म्हणजे आपलं साधारण ९५-९६. आपलं साधं ९१ म्हणजे त्यांचं सर्वांत स्वस्तातलं ८७. त्यांची टायमिंगची (ठिणगी किती अंश आधी पाडायची याची) कोष्टकं डोळे मिटून उतरवून घेतली तर पिस्टनचे तुकडे वेचावे लागतील.

मी ९५ चं प्रीमियम धरून चाललो आहे. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये आलं तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या मोजक्या शहरांत होतं. ट्यूनिंग अशा पेट्रोलवर करायचं नाही जे आणायला घाट चढावा लागतो.

इथेनॉलबद्दल लोक शिव्या देतात, पण या कामात ते बऱ्यापैकी मित्र आहे. त्याचं रॉन १०८ च्या घरात, आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या अडीचपट उष्णता ओढतं. मात्र ई२० ला (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ नव्हे, साधारण १३.५ लागतं, म्हणजे इंजेक्टर मोठे हवेत. २६० सीसीचे घेतले. गेज लॅम्डामध्येच वाचायचं ठरवलं: नेमकं प्रमाण म्हणजे १, इंधन जास्त झालं की एकच्या खाली. लॅम्डाला इंधन कुठलं याच्याशी देणंघेणं नाही.

१६ मार्च

शिमगा. गॅरेज बंद, लेथ बंद, वेल्डर गावाला. पालखी घरी येऊन गेली. पालखी नाचवून खांदा सुजलाय.

२९ मार्च

स्पीडुइनो ईसीयू. मूळ ईसीयूच्या सेन्सरला वातावरणाच्या दाबापलीकडचं काही दिसत नाही, त्यामुळे २.५ बारचा मॅप (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) सेन्सर. क्रँकवर ३६ वजा १ दातांचं (एक दात गाळलेलं) चाक, दर दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल. प्लग एक पायरी थंड: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, म्हणून ६ च्या जागी ७. गॅप ०.८ वरून ०.६५. दाबलेल्या हवेत ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, रुंद गॅपला ती विझते.

पहिल्या फटक्यात सुरू झालं असं लिहायला आवडलं असतं. क्रँक सेन्सरच्या दोन तारा उलट होत्या. त्या फिरवल्यावर झालं. आयडलला ब्लोअरचा बारीक खळखळ आवाज येतो. थ्रॉटल दिला की तो खळखळाट जातो आणि वर चढणारी एक शीळ राहते. पुतण्या तेवढ्यासाठी दहा वेळा थ्रॉटल दे म्हणत होता.

६ एप्रिल

कान तयार केला. तांब्याची जुनी नळी, एक टोक हातोडीने चपटं करून भोक पाडलं आणि ब्लॉकवर दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये बोल्टने आवळलं. दुसऱ्या टोकाला रबरी नळी, ती फायरवॉलमधून आत, आणि चिरेखाणीतल्या कामगारांच्या कानावरच्या मफात खुपसली. नॉकिंगचा (मिश्रण ज्वाळा पोचण्याआधीच आपोआप पेटण्याचा) सूर बोअरवर अवलंबून असतो: ७४ मिमीला साधारण ७.७ किलोहर्ट्झ. नळीतून तो सूर तसाच्या तसा येत नाही, पण बाकीचे आवाज बोदे होतात आणि नॉकिंग त्यातून वेगळं उठतं, पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखं. इलेक्ट्रॉनिक नॉक सेन्सर लावला आहेच, पण त्याचा उंबरठा किती ठेवायचा हे ठरवायला आधी माणसाचा कान लागतो.

१३ एप्रिल

मुद्दाम १०.८ वरच पहिली चाचणी. मोठी पुली, एकास एक. बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की इंजिन खोलू नको, थोडंसंच बूस्ट दे, काही होत नाही. काय होतं ते बघून मग बोलू.

सकाळी आठलाच सड्यावर ३१ अंश, दहापर्यंत ३५. गेजवर अडीच पीएसआय. ब्लोअरनंतर हवेचं तापमान ६७. रूट्स ब्लोअर हवा आत दाबत नाही, नुसती ढकलतो. ती दबते मॅनिफोल्डमध्ये, मागून येणाऱ्या दाबामुळे, आणि त्यात तापते. कार्यक्षमता पन्नास-पंचावन्न टक्के. हिशेबाने ६०-६३ येत होते, गेजने थोडे जास्त दाखवले.

नैसर्गिक श्वासावर हे इंजिन ३,५०० ला पूर्ण थ्रॉटलवर २७ अंश टायमिंग घेत होतं. आज २२ ला वाटाणे. १९ ला तुरळक. १५ ला शांत. गाडी उन्हात पाच मिनिटं उभी करून पुन्हा पळवली की १५ लाही एखाददुसरा दाणा.

तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ९०: ब्लोअरशिवाय ८.४ सेकंद, ब्लोअर लावून ८.५. एवढा खटाटोप करून गाडी तसूभर मागे. कारण सरळ आहे. ब्लोअरने सात टक्के हवा जास्त दिली, ती फिरवायला इंजिनाकडून थोडी ताकद घेतली, आणि टायमिंग बारा अंश मागे घेतल्यावर उरलंसुरलं सायलेन्सरमधून गेलं. टायमिंग मागे म्हणजे जळण उशिरा, एक्झॉस्ट जास्त गरम. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा रंग बदललेला दिसला.

नॉकिंगची मर्यादा हीच खरी शिल्लक आहे. कॉम्प्रेशनने ती आधीच खर्च करून टाकली तर बूस्टला काय उरणार?

१५ एप्रिल

आणि कॉम्प्रेशन सोडल्याने जातं किती? आदर्श ऑटो चक्राच्या सूत्राने १०.८ ला कार्यक्षमता ६१.४ टक्के, ९.३ ला ५९. खऱ्या इंजिनात दोन्ही आकडे बरेच खाली असतात, पण प्रमाण साधारण तेच: चार टक्क्यांचं नुकसान. त्या बदल्यात वीस टक्के जास्त हवा घेता आली तर सौदा पडवळाच्या भावात पडला म्हणायचा.

२० एप्रिल

कॉम्प्रेशन उतरवायचं कसं यावर दोन रात्री वाद. मित्र म्हणतो जाड गॅस्केट घाल. एक मिलिमीटर जाडी वाढली की ४.४ सीसी मिळतात. मला सहा हवे, म्हणजे जवळजवळ दीड मिमी जास्त. ते मला नको. पिस्टन वर येताना कडेच्या सपाट भागातून मिश्रण आत पिळून फेकलं जातं, त्याने जळण झपाट्याने होतं, आणि झटपट जळणारं मिश्रण नॉक होत नाही. ती फट रुंद केली की कॉम्प्रेशन उतरतं पण ही पिळवणूकही जाते. नॉकिंग कमी करायला निघालो आणि नॉकिंगचा एक उपाय काढून टाकला असं होईल.

आहेत तेच पिस्टन लेथवर खोलगट करा, हा दुसरा सल्ला. ओतीव पिस्टनचा माथा मुळात बेताचा, त्यातून अडीच-तीन मिमी काढून वर बूस्ट द्यायचं? नको.

तिसरा मार्ग सगळ्यांत कंटाळवाणा आणि बरोबर: फेसिंग न केलेलं दुसरं हेड आणि खोलगट माथ्याचे पिस्टन. हेड भंगारात मिळालं. पिस्टन कोल्हापूरला उद्यमनगरात.

२७ एप्रिल

कोल्हापूर. आंबा घाटातून जाताना समोरून एकामागून एक रिकाम्या पिकअप. हापूस पोचवून परतणाऱ्या. उद्यमनगरात ब्लॉक होनिंगला (सिलिंडर आतून घासायला) दिला, हेडवर नुसता सफाईचा हात. पिस्टन तिथल्या तिथे वजन करून घेतले: चारांत दीड ग्रॅमचा फरक, जड दोघांच्या आतल्या बाजूने घासून जुळवले. रिंगचा गॅप थोडा वाढवून घेतला, कारण बूस्टमध्ये रिंग जास्त तापते, पसरते, आणि टोकाला टोक भिडलं की सिलिंडरला ओरखडे.

बाहेर पडण्याआधी होन केलेल्या सिलिंडरना तेलाचा जाड हात आणि वर प्लॅस्टिक. रत्नागिरीच्या हवेत कोरडा ओतीव लोखंडी सिलिंडर एका रात्रीत तांबूस होतो. घाटावरच्या मिस्त्रीला हे सांगितलं तर हसतो.

४ मे

पुन्हा ब्युरेट. हेड २७.६, गॅस्केट ५.३, डेक (पिस्टन ब्लॉकखाली राहतो ती जागा) ०.९, पिस्टनची खोली ५.५. बेरीज ३९.३. कॉम्प्रेशन ९.२६. कडेची फट पूर्वीइतकीच.

११ मे

छोटी पुली चढवली, एकास १.१. दाबलेली हवा थंड करणारा कूलर अजून नाही. गेज ६ पीएसआय, हवा ९० अंश. १७ अंश टायमिंगला शांत. गाडी ओढते आहे हे पाठीला कळलं, पण दोन फेऱ्यांनंतर ढेपाळते. थांबवली. ९० अंशाच्या हवेवर मे महिन्यात आकडे जमवण्यात अर्थ नाही.

१८ मे

पाण्याचा चार्ज कूलर बसला. हवा-हवा कूलर सोपा होता, पण जिप्सीच्या तोंडाशी जागा नाही, आणि सड्यावर चढाला हळू चालताना त्याला वारा मिळत नाही. पाण्याच्या कूलरला स्वतःची छोटी टाकी, विजेवरचा पंप, पुढे मोटरसायकलचा रेडिएटर.

आता खरी गंमत. कूलर बसवल्यावर बूस्ट ६ वरून ४.५ वर उतरलं. मित्राचा चेहरा पडला. म्हणे कुठेतरी गळतंय. साबणाचं पाणी लावून सगळे जोड बघितले, एक बुडबुडा नाही. गळत काहीच नव्हतं. रूट्स ब्लोअर दर फेऱ्याला ठरलेली हवा ढकलतो, पुली बदलल्याशिवाय त्या मापात फारसा फरक पडत नाही. तीच हवा थंड झाली की तिला जागा कमी लागते, म्हणून दाब उतरतो. हवा तेवढीच, किंबहुना मागचा दाब कमी झाल्याने गळती घटून थोडी जास्तच. गेजवरचा बूस्ट म्हणजे इंजिनाने न घेतलेल्या हवेचा राग. तो जितका कमी तितकं बरं.

तापमान ९० वरून ५४. टायमिंग १७ वरून २१, नॉकिंग नाही. लॅम्डा ०.८१. सूत्राप्रमाणे ९.२६ ला ४.५ पीएसआय: १२.१. म्हणजे १०.८ वरच्या अडीच पीएसआयपेक्षा धोका कमी, आणि हवा वीस टक्के जास्त.

४० ते ९०: ७.१ सेकंद.

ब्लोअर स्वतः किती खातो तेही काढून बघितलं. ६,००० ला दर सेकंदाला ८१ लिटर हवा, ५ पीएसआयविरुद्ध: पावणेतीन किलोवॅट, घर्षण धरून पाच बीएचपीच्या आसपास. एवढं भाडं परवडतं.

चाचांनी बर्फाची कल्पना काढली. बंदरावर बर्फाला तोटा नाही. पाच किलो चुरा कूलरच्या टाकीत. हिशेबाने कूलर दोन किलोवॅट ओढतो, म्हणजे पाच किलो बर्फ पूर्ण थ्रॉटलला जवळपास चौदा मिनिटं पुरावा. प्रत्यक्षात टाकी इंजिनाशेजारी असल्याने त्याहून खूप कमी टिकला, पण तोवर हवा ४१ अंशांवर होती. चुऱ्यातून आलेला माशाचा खवला पंपाच्या जाळीत अडकला. ऑटोक्रॉसच्या एका फेरीपुरतं उत्तम, एरवी नाही.

२५ मे

मान्सून आजच देवगडपर्यंत आला असं हवामान खात्याने जाहीर केलं. इतक्या लवकर कोणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. तसा आठवडाभर पाऊस धो धो पडतोच आहे. सड्याच्या रस्त्यावर लाल चिखल, चाचण्या बंद. चाचा एक जूनच्या बंदीआधी होड्या वर ओढण्याच्या गडबडीत, त्यांचा फोनही लागत नाही.

गाडी झाकताना: टाकी पूर्ण रिकामी केली. ई२० हवेतलं पाणी पितं आणि एका मर्यादेनंतर पाणी-इथेनॉल तळाला वेगळं बसतं. पंप नेमकं तेच आधी ओढतो. ब्लोअरच्या तोंडाला तेलाचा फडका. रोटर आठवड्याला हाताने फिरवायचे, हे काम पुतण्याकडे.

१२ ऑक्टोबर

झाकण काढलं. बेल्टची एक कड पांढरट झाली होती, पण तडे नाहीत. ब्लोअरच्या पुढच्या डबीतलं तेल स्वच्छ, मागच्या डबीतलं किंचित दुधाळ. मी मारलेल्या प्लेटच्या कडेने ओल गेली असणार. प्लेट काढून ओ-रिंग बसवली, तेल बदललं. मागचं तेल यापुढे दर पावसाळ्यानंतर बदलायचं, रंग कसाही असो.

कोरडी कॉम्प्रेशन टेस्ट: १७४, १७२, १७५, १७० पीएसआय. प्लगची पोर्सेलिन फिक्या तपकिरी, काळे ठिपके किंवा चमकणारे कण कुठेही नाहीत. ते कण दिसले असते तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम.

नवीन पेट्रोल, ऑक्टोबरचं ऊन ३४ अंश. २१ अंश टायमिंगला मफात काही नाही. २३ ला, ४,००० च्या आसपास, एक दाणा. २१ वर कुलूप.

मित्राला आता ११० ची पुली हवी आहे. गेज किती होईल, त्याचा प्रश्न. हवा किती अंशावर जाईल, माझा. कूलरचा रेडिएटर मोठा होईपर्यंत पुली १२० चीच.